तिसरी भट्टी

शुक्रवार. बिरकत अल मौझच्या चौकीवर
पोलिसानं वाकून पाहिलं, चारही चाकं ओढतात ना,
मग बिजूमोनचं लायसन, मग माझा चेहरा,
आणि हात हलवला: जा वर.

वर म्हणजे दोन हजार मीटर.
कान दोनदा मिटले, दोनदा उघडले.

आठवड्याचे सहा दिवस मी समुद्र उकळतो.
म्हणजे मशीन उकळतं, मी काटे बघतो:
दाब, तापमान, खारटपणा.
एका बाजूनं समुद्र आत येतो,
दुसऱ्या बाजूनं मस्कतची आंघोळ बाहेर पडते.
पाण्याला कसलीच चव नसली
की माझं काम चोख.

मग दरी आली.
आली म्हणजे, रस्ता संपला.
कठडा नव्हता. एक बोकड होता,
अगदी कडेला, पाय जुळवून,
बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा.
त्याच्या खुरांखाली बराच वेळ काहीच नाही,
आणि मग तळाशी खजुरांचा हिरवा दोरा.

दगडात शिंपला होता.
नखानं उकरून पाहिला, निघाला नाही.
शिंपला, इथे, ढगांच्या शेजारी.
बिजूमोन म्हणाला, हे सगळं पूर्वी पाण्याखाली होतं.
मी ओणवा होऊन बघत राहिलो:
ही तर आमचीच टाकी,
कुणीतरी शेवटच्या थेंबापर्यंत आटवून
मीठसुद्धा पुसून नेलेली.
पाळी संपवून गेलेल्या त्या माणसाला
मी मनातल्या मनात हात केला.

अल ऐन गावात खलफानची खोली
बाहेरून काळी, आतून त्याहून काळी.
मातीच्या ओट्यात पुरलेली सहा मडकी,
मडक्यांत गच्च पाकळ्या,
पाकळ्यांवर तांब्याचं रिकामं भांडं,
वर झाकणासारखी गोल बुडाची परात, थंड पाण्याची.
वाफ वर जाते, गारव्याला टेकते,
विचार बदलते, थेंब होऊन परत येते.

खलफानचं हिंदी निजव्यातल्या एका कापडवाल्याकडून उचललेलं.
"अडीच मीटर धूर," डोळे चोळत तो म्हणाला.

तोवर माझं नाक दोडामार्गला पोचलं होतं.
मार्चअखेर. बोंडूंचा आंबूस चिखल,
पोफळींच्या आड लपवलेली आमची भट्टी,
बाबा उकिडवे,
चार थेंब निखाऱ्यावर उडवून निळी ज्योत बघणारे:
"बघ रे झिला, ह्येका म्हणतत पैली धार."
ओढ्यापलीकडे एक्साइजची जीप वाजली
की मडकी पाचोळ्याखाली
आणि बाबा देवळात.

"परातीतलं पाणी कोमट झालंय, बदला," मी म्हणालो.
कुणी विचारलं नव्हतं.
खलफाननं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.
"तुमच्याकडे पण करतात?"
"वडील करायचे."
"गुलाब?"
"काजू."
"काजूचं पाणी? कशासाठी?"
बिजूमोन उगाच खोकला.
"औषध," मी म्हणालो,
बाबा जमादाराला सांगायचे त्याच आवाजात.

त्याच्या नातीनं, मय्यानं, कॉफी ओतली,
चिमणीएवढ्या कपात, वर त्या पाण्याचा एकच थेंब.
आधी धूर आला. मग वेलची.
गुलाब फार उशिरा,
मी कप खाली ठेवायला निघालो तेव्हा.
पुरे म्हणायचं तर इथे कप हलवायचा असतो.
मला माहीत होतं.
तिनं चार वेळा ओतली.

उतरताना चौकीवर पुन्हा थांबवलं,
ब्रेक तापलेत का बघायला.
माझ्या मांडीवर व्हिम्टोची जुनी बाटली,
आत चहाच्या रंगाचं काहीतरी,
बुचाला फडकं.
पोलिसानं टॉर्च मारला. माझी पाठ
आपोआप देवळाकडे वळू लागली.
"वर्द?"
"वर्द," मी म्हणालो.
त्यानं बूच काढायला लावलं, डोळे मिटून वास घेतला,
आणि बाटली परत दिली,
दोन्ही हातांनी.